उबुंटू १८.०४ वरून २०.०४ वर गेल्यानंतर मायएसक्यूएलची सर्व्हिस सुरू होत नाही

वागळे_सर्व्हर | रविवार, सकाळी ९.४०

नमस्कार. ठाण्यातील वागळे इस्टेटमध्ये औषधांच्या घाऊक वितरणाचे एक छोटे कार्यालय आहे आणि तेथील सर्व्हरची देखभाल माझ्याकडे असते. बिले, चलने आणि दुकानदारांची खाती ज्या प्रोग्रॅमवर चालतात तो पीएचपीमध्ये लिहिलेला असून त्याचा सगळा डेटा मायएसक्यूएल या डेटाबेस सर्व्हरमध्ये आहे. शनिवारी संध्याकाळी कार्यालय बंद झाल्यावर हा सर्व्हर उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या १८.०४ आवृत्तीवरून २०.०४ वर नेला. अपग्रेड शेवटपर्यंत गेले, मशीन रीस्टार्ट झाले, एसएसएच आणि फाइल शेअरिंग व्यवस्थित चालू आहे, पण मायएसक्यूएलची सर्व्हिस काही केल्या उभी राहत नाही.

‘सिस्टमसीटीएल स्टार्ट मायएसक्यूएल’ दिल्यावर थोडा वेळ काहीच होत नाही आणि मग कंट्रोल प्रोसेस एरर कोड देऊन बाहेर पडल्याचा निरोप येतो. पुन्हा पुन्हा प्रयत्न केल्यास ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’ असे दिसते आणि सर्व्हिस लगेच नाकारली जाते. ‘जर्नलसीटीएल -एक्सई’ मध्येही हेच, थोड्या वेगळ्या शब्दांत. याशिवाय ‘ॲप्ट’ने कोणतेही पॅकेज टाकायला गेल्यास मायएसक्यूएल सर्व्हर ८.० चे पॅकेज अर्धवट कॉन्फिगर झाल्याची तक्रार दर वेळी येते.

मदत करणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून आणखी काही माहिती देतो. मूळ डिस्क लहान असल्यामुळे डेटा डिरेक्टरी नेहमीच्या जागी नाही. ती दुसऱ्या डिस्कवर ‘/डेटा/मायएसक्यूएल’ येथे आहे आणि आकार सुमारे १८ जीबी आहे. अपग्रेड चालू असताना दोन फाइलींबद्दल विचारणा झाली होती. मायएसक्यूएलच्या सेटिंगची फाइल जुनीच ठेवली आणि ॲपआर्मरची (कोणत्या प्रोग्रॅमला कोणत्या फाइली वापरता येतील हे ठरवणाऱ्या संरक्षण-व्यवस्थेची) फाइल नवी स्वीकारली. रोज रात्री मायएसक्यूएल-डम्पने घेतलेला बॅकअप बाहेरच्या डिस्कवर जातो, शुक्रवार रात्रीचा डम्प तेथे आहे.

सोमवारी सकाळी भिवंडीच्या गोदामातून गाड्या निघतात आणि त्याआधी चलने छापून हवीत. वेळ आलीच तर हाताने चलने लिहिण्याची तयारी ठेवली आहे, पण औषधांच्या चलनावर प्रत्येक मालाचा बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख लिहावी लागते, त्यामुळे ते काम किती किचकट आहे हे वेगळे सांगायला नको. सुरुवात कोठून करावी, हे कृपया सांगावे.


घोडबंदर_नेट | रविवार, सकाळी १०.०५

इतका विचार करण्याची गरज वाटत नाही. मायएसक्यूएलचे पॅकेज ‘पर्ज’ करून पूर्ण काढावे, नव्याने इन्स्टॉल करावे आणि शुक्रवारचा डम्प भरावा. दुपारपर्यंत काम होऊन जाईल. आमच्याकडे नेहमी असेच करतो.


ऐरोली_टर्मिनल | रविवार, सकाळी १०.५०

पर्ज करण्याचा सल्ला आत्ता तरी अमलात आणू नये. पर्ज करताना डेबियन आणि उबुंटूचे पॅकेज ‘सर्व डेटाबेसही काढून टाकायचे का’ असे विचारते, आणि घाईत एंटर दाबणारा माणूस तो प्रश्न वाचतोच असे नाही. शिवाय शुक्रवार रात्रीच्या डम्पमध्ये शनिवारची बिले नाहीत. ज्या डम्पमधून डेटा परत उभा करून कधी पाहिलेला नाही त्यावर विसंबून मूळ डेटा पुसणे मला मान्य नाही. मायएसक्यूएल-डम्प स्टोअर्ड प्रोसिजर आणि इव्हेंट आपणहून घेत नाही. त्यासाठी ‘--रूटीन्स’ आणि ‘--इव्हेंट्स’ हे पर्याय स्वतंत्रपणे द्यावे लागतात. आपल्या रात्रीच्या स्क्रिप्टमध्ये ते आहेत का, हे आधी पाहावे.

आता मूळ प्रश्नाकडे. सिस्टमडी, म्हणजे सर्व्हिसेस सुरू-बंद करणारी उबुंटूची यंत्रणा, जे सांगत आहे ते खरे आहे, पण त्यात कारण नाही. त्याने एक प्रोसेस सुरू केली आणि ती शून्याऐवजी दुसरा कोड देऊन बाहेर पडली, एवढेच त्याला ठाऊक असते. ती का बाहेर पडली हे त्या प्रोसेसने स्वतःच्या लॉगमध्ये लिहिलेले असते. ‘रिपीटेड टू क्विकली’ हा तर मुळात वेगळा बिघाडच नाही. सर्व्हिस पडली की पुन्हा उठवायची अशी सूचना युनिट फाइलमध्ये असते आणि १० सेकंदांत ५ पेक्षा जास्त वेळा सुरू करण्याचा प्रयत्न झाला तर सिस्टमडी आपल्या नेहमीच्या मर्यादेनुसार हात वर करते. ‘सिस्टमसीटीएल रीसेट-फेल्ड मायएसक्यूएल’ ही कमांड दिली की तो मोजणीचा आकडा पुसला जातो. त्याने बिघाड दुरुस्त होत नाही, फक्त पुढचा प्रयत्न करता येतो.

‘जर्नलसीटीएल -एक्सई’ वापरण्याची सवय अनेकांना असते आणि तिच्यामुळेच वेळ जातो, असे माझे मत आहे. ती कमांड लॉगच्या शेवटाकडे नेते, तर कारण जवळजवळ नेहमी सुरुवातीला असते. एका मूळ चुकीमुळे पुढे पाच-सहा चुका होतात आणि सर्वांत शेवटी ‘अबॉर्टिंग’ हा शब्द येतो. आपण तो वाचून शोध घेत बसतो. म्हणून ‘/व्हार/लॉग/मायएसक्यूएल/एरर.लॉग’ ही फाइल सुडो वापरून उघडावी, आज सकाळच्या शेवटच्या प्रयत्नाची वेळ शोधावी आणि तेथून खाली वाचत यावे. त्या प्रयत्नातील पहिली ‘वॉर्निंग’ आणि पहिली ‘एरर’ अशा दोन्ही ओळी जशाच्या तशा येथे द्याव्यात. वॉर्निंगही द्यावी असे मुद्दाम सांगतो, कारण मायएसक्यूएल कधीकधी खरे कारण वॉर्निंग म्हणून लिहिते आणि त्याचा परिणाम तेवढा एरर म्हणून.

त्याआधी मात्र एक काम करावे. सर्व्हिस थांबलेली आहे आणि पार्श्वभूमीला मायएसक्यूएलडीची (मायएसक्यूएलच्या मुख्य सर्व्हर प्रोग्रॅमची) प्रोसेस चालू नाही, याची खात्री करून संपूर्ण डेटा डिरेक्टरीची प्रत दुसऱ्या डिस्कवर ‘सीपी -ए’ किंवा ‘आरसिंक -ए’ने घ्यावी, म्हणजे मालकी आणि परमिशन तशाच राहतील. केवळ आपल्या डेटाबेसचे फोल्डर उचलून चालत नाही. ‘आयबीडेटा१’ आणि ‘आयबी_लॉगफाइल’ नावाच्या फाइली त्याच क्षणाच्या आणि सोबतच हव्यात. १८ जीबीला फार वेळ लागणार नाही.

या प्रतीची किंमत आत्ता का अधिक आहे तेही सांगतो. आपण उबुंटूची आवृत्ती बदलली, पण त्यासोबत मायएसक्यूएलही ५.७ वरून ८.० वर गेले आहे. ८.० एकदा व्यवस्थित सुरू झाले की ते डेटा डिरेक्टरीचे अंतर्गत स्वरूप बदलते, आणि त्यानंतर ५.७ ला ती डिरेक्टरी उघडता येत नाही. मागे येण्याचा मार्ग म्हणजे आधी घेतलेली प्रत. बदल झाला आहे की नाही हे डोळ्यांनी पाहता येते: डेटा डिरेक्टरीत ‘मायएसक्यूएल.आयबीडी’ नावाची फाइल तयार झाली असेल तर ८.० ने हात लावलेला आहे. ती नसेल आणि प्रत्येक टेबलामागे ‘.एफआरएम’ फाइल अजून दिसत असेल, तर डेटा ५.७ च्याच स्वरूपात आहे. यांपैकी काय दिसते, तेही कळवावे. आणि ‘फाइंडएमएनटी /डेटा’ ही कमांड देऊन दुसरी डिस्क मुळात माउंट झाली आहे ना, म्हणजे सिस्टमला जोडली गेली आहे ना, तेवढे पाहून घ्यावे.


वागळे_सर्व्हर | रविवार, दुपारी १२.२५

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. डिस्क माउंट झालेली आहे. प्रत घेऊन झाली. ‘मायएसक्यूएल.आयबीडी’ ही फाइल डिरेक्टरीत नाही आणि ‘.एफआरएम’ फाइली सर्व जागच्या जागी आहेत. रात्रीच्या स्क्रिप्टमध्ये रूटीन्सचा पर्याय आहे, इव्हेंट आम्ही वापरत नाही.

एरर लॉगमधील पहिली वॉर्निंग अशी आहे की ‘/डेटा/मायएसक्यूएल’मध्ये एक चाचणी फाइल तयार करता आली नाही, त्या फाइलीच्या लांबलचक नावाच्या शेवटी ‘लोअर-टेस्ट’ असे आहे. त्यानंतरची पहिली एरर इनोडीबीची (मायएसक्यूएलमध्ये डेटा साठवणाऱ्या इंजिनाची) आहे आणि ती म्हणते की ‘आयबीडेटा१’ ही फाइल लिहिण्याजोगी असली पाहिजे. पुढे डेटा डिक्शनरी (टेबलांच्या रचनेची अंतर्गत नोंद) सुरू करता आली नाही आणि शेवटी अबॉर्टिंग.

हे वाचून परमिशन तपासल्या. डिरेक्टरीची मालकी मायएसक्यूएल या युजरकडे आणि त्याच नावाच्या ग्रुपकडे आहे, परमिशन ७०० (फक्त मालकाला सर्व अधिकार) आहे, आतल्या फाइलींचीही मालकी बरोबर आहे. डिस्क भरलेली नाही आणि रीड-ओन्लीही नाही. मग लिहिता का येत नाही हे समजत नाही.


घोडबंदर_नेट | रविवार, दुपारी १२.४०

परमिशन ७७७ करून पाहा. नाही जमले तर ‘आयबी_लॉगफाइल’ दोन्ही उडवून ‘इनोडीबी-फोर्स-रिकव्हरी’ ६ वर ठेवून सुरू करा, हमखास उठते.


ऐरोली_टर्मिनल | रविवार, दुपारी १.१०

दोन्ही सल्ल्यांना माझा स्पष्ट विरोध आहे. फोर्स-रिकव्हरी हा पर्याय डेटा फाइली खराब झाल्यावर त्यांतून हाताला लागेल तेवढे बाहेर काढण्यासाठी आहे. ४ किंवा त्याहून मोठी किंमत दिली तर डेटा फाइली कायमच्या बिघडू शकतात, असा इशारा मायएसक्यूएलच्या अधिकृत माहितीतच दिलेला आहे. आपल्या लॉगमध्ये डेटा खराब असल्याचे एका शब्दानेही म्हटलेले नाही. ‘फाइलीत लिहिता येत नाही’ एवढेच म्हटले आहे, आणि तेवढ्यासाठी रीडो लॉग, म्हणजे त्या ‘आयबी_लॉगफाइल’, उडवणे म्हणजे दाराचे कुलूप उघडत नाही म्हणून भिंत पाडण्यासारखे आहे.

परमिशन बरोबर असूनही लिहिता येत नसेल, तर ॲपआर्मर पाहावे. खात्री करण्याची एक सोपी रीत आहे. ‘सुडो -यू मायएसक्यूएल टच /डेटा/मायएसक्यूएल/चाचणी’ ही कमांड द्या. ती विनातक्रार चालली, तर मायएसक्यूएल या युजरला तेथे लिहिता येते हे सिद्ध होते. ॲपआर्मरचे बंधन मात्र युजरवर नसून मायएसक्यूएलडी या प्रोग्रॅमवर असते. म्हणून तोच युजर टचने फाइल बनवू शकतो आणि मायएसक्यूएलडीला ते जमत नाही. तयार झालेली चाचणी फाइल लगेच काढून टाकावी. यानंतर ‘जर्नलसीटीएल -के’मध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, ‘डिनाइड’ हा शब्द शोधावा. तेथे प्रोफाइल म्हणून मायएसक्यूएलडीचे नाव आणि त्याच ओळीत ‘/डेटा/मायएसक्यूएल’ दिसले की शोध संपला. आपल्या मशीनवर ऑडिटडी चालू असेल तर या ओळी कर्नलच्या लॉगऐवजी ‘/व्हार/लॉग/ऑडिट’मध्ये सापडतील.

हे अपग्रेडनंतरच का झाले, याचे उत्तर आपल्या पहिल्या पोस्टमध्येच आहे. १८.०४ वर डेटा दुसऱ्या डिस्कवर नेताना कोणीतरी ॲपआर्मरच्या मुख्य प्रोफाइलमध्ये, म्हणजे ‘/एटसी/ॲपआर्मर.डी/यूएसआर.एसबिन.मायएसक्यूएलडी’ या फाइलीत, त्या जागेची परवानगी लिहिलेली असणार. अपग्रेडच्या वेळी नवी फाइल स्वीकारली गेल्यामुळे ती ओळ गेली. जुनी फाइल हरवलेली नाही. पॅकेज बसवणारी डीपीकेजी ही व्यवस्था ती त्याच ठिकाणी ‘.डीपीकेजी-ओल्ड’ हे शेपूट लावून ठेवते. ती उघडून पाहिल्यास आपल्या ओळी सापडतील.

त्या ओळी पुन्हा मुख्य प्रोफाइलमध्ये टाकू नयेत, नाहीतर पुढच्या अपग्रेडला हाच प्रश्न पुन्हा येईल. ‘/एटसी/ॲपआर्मर.डी/लोकल’ या डिरेक्टरीत त्याच नावाची फाइल असते किंवा नसल्यास बनवता येते. मुख्य प्रोफाइल ती वाचते आणि पॅकेज बदलले तरी तिच्यातील मजकूर तसाच राहतो. तिच्यात दोन ओळी पुरतात: एक ‘/डेटा/मायएसक्यूएल/ आर,’ आणि दुसरी ‘/डेटा/मायएसक्यूएल/** आरडब्ल्यूके,’. आर म्हणजे वाचणे, डब्ल्यू म्हणजे लिहिणे आणि के म्हणजे फाइल लॉक करणे. यांतील के अनेकदा राहून जातो आणि मग इनोडीबी वेगळीच एरर देते. ओळीच्या शेवटचा स्वल्पविराम नियमाचा भाग आहे, तो गाळू नये. त्यानंतर ‘सिस्टमसीटीएल रीलोड ॲपआर्मर’ दिले की नवे नियम लागू होतात.

काही जण अशा वेळी ॲपआर्मर पूर्ण बंद करून मोकळे होतात. तपासणीपुरते एखादे प्रोफाइल ‘कंप्लेन’ स्थितीत ठेवण्याला हरकत नाही, त्या स्थितीत नियम मोडल्याची नुसती नोंद होते, अडवणूक होत नाही. पण ज्या मशीनवर औषधांच्या उधारीची सगळी खाती आहेत तेथे संरक्षण कायमचे काढून टाकण्याचे काही कारण मला दिसत नाही.


महापे_रात्रपाळी | रविवार, दुपारी १.४५

वरील निदान मला बरोबर वाटते. मात्र ॲपआर्मरचा अडसर काढल्यावर लगेच सर्व्हिस सुरू करू नये, असे सुचवतो. माझ्या अंदाजाने त्यामागे दुसरी एक अडचण उभी आहे आणि ती पहिलीपेक्षा अधिक त्रासाची ठरू शकते.

आपण सेटिंगची फाइल जुनी ठेवली आहे. उबुंटू १८.०४ मधील मायएसक्यूएलच्या मूळ सेटिंग फाइलीतच ‘क्वेरी_कॅशे_लिमिट’ आणि ‘क्वेरी_कॅशे_साइझ’ अशा दोन ओळी असत; आपण स्वतः काही लिहिले नसले तरी त्या तेथे असणारच. क्वेरी कॅशे ही (आधीच्या क्वेरींचे निकाल जपून ठेवण्याची) सोय मायएसक्यूएल ८.० मधून पूर्णपणे काढून टाकलेली आहे. ज्या सेटिंगचे नावच ओळखता येत नाही ते फाइलीत दिसल्यावर सर्व्हर त्याकडे दुर्लक्ष करत नाही, तो ‘अननोन व्हेरिएबल’ म्हणून थांबतो.

यात अडचणीची गोष्ट अशी आहे की हा थांबा उशिरा येतो. अनेक लॉगमध्ये मी असे पाहिले आहे की डेटा डिरेक्टरीचे रूपांतर सुरू झाल्याच्या आणि डेटा डिक्शनरी भरून झाल्याच्या नोंदी आधी येतात आणि त्यानंतर अननोन व्हेरिएबलची एरर येऊन सर्व्हर बंद पडतो. म्हणजे सर्व्हिस तर सुरू झालेली नाही, पण डेटा मात्र ५.७ चा राहिलेला नाही. ‘सेटिंगची चूक आहे, डेटाला धक्का लागलेला नाही’ हे गृहीत धरून त्या वेळी घेतलेली प्रत ५.७ ला परत उघडता येत नाही. आपल्या बाबतीत ॲपआर्मरने सर्व्हरला दारातच अडवले, म्हणूनच ‘मायएसक्यूएल.आयबीडी’ तयार झाली नाही आणि दुपारी घेतलेली प्रत खऱ्या अर्थाने ५.७ ची आहे. ती प्रत नीट जपून ठेवावी.

सर्व्हर न चालवता सेटिंग तपासण्याची सोय ८.०.१६ पासून आहे: ‘सुडो मायएसक्यूएलडी --व्हॅलिडेट-कॉन्फिग’. सर्व काही ठीक असेल तर ही कमांड काहीही न बोलता परत येते. चूक असेल तर सांगते, पण सहसा पहिल्याच चुकीवर थांबते, म्हणून दुरुस्ती करून पुन्हा चालवावी लागते. ५.७ च्या फाइलींत आणखी जी नावे सापडतात त्यांत ‘इनोडीबी_फाइल_फॉरमॅट’, ‘इनोडीबी_लार्ज_प्रीफिक्स’ आणि ‘लॉग_वॉर्निंग्ज’ ही नेहमीची आहेत. ‘एसक्यूएल_मोड’च्या ओळीत ‘नो_ऑटो_क्रिएट_युजर’ असेल तर तोही शब्द काढावा लागेल. जुने पीएचपी प्रोग्रॅम चालवण्यासाठी ही ओळ लोक कोठून तरी उतरवून घेतात आणि पुढे विसरून जातात. ‘एक्सपायर_लॉग्ज_डेज’ मात्र ८.० मध्ये चालते, त्यामुळे तिला आत्ता हात लावण्याची आवश्यकता नाही.

सेटिंगची फाइल तपासताना एकाच फाइलीवर थांबू नये. ‘मायएसक्यूएल.कॉन्फ.डी’ आणि ‘कॉन्फ.डी’ या दोन्ही डिरेक्टऱ्यांतील सीएनएफने संपणाऱ्या सर्व फाइली वाचल्या जातात. पॅकेजची नवी फाइल जुन्या फाइलीशेजारी ‘.डीपीकेजी-डिस्ट’ या शेपटासह ठेवलेली असते. ‘डिफ’ लावून दोन्ही शेजारी शेजारी पाहिल्यास काय बदलले ते कळते. मी स्वतः अशा वेळी नवी फाइल पायाला घेतो आणि जुन्यातील डेटा डिरेक्टरी, बफर पूल अशा मोजक्या ओळी तिच्यात आणतो.

हे सगळे झाल्यावर रीसेट-फेल्ड द्यावे आणि मग ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवावे. अर्धवट राहिलेले पॅकेज त्याने पूर्ण होईल आणि सर्व्हिसही तेच सुरू करेल. दुसऱ्या टर्मिनलमध्ये एरर लॉग ‘टेल -एफ’ने उघडा ठेवावा. रूपांतर चालू असताना बराच वेळ हालचाल दिसली नाही तरी प्रोसेस मारू नये. ८.०.१६ नंतर सर्व्हर हे काम स्वतःच करतो, त्यामुळे ‘मायएसक्यूएल_अपग्रेड’ वेगळे चालवण्याची गरज नाही. ‘रेडी फॉर कनेक्शन्स’ ही ओळ आली की झाले.


वागळे_सर्व्हर | रविवार, संध्याकाळी ५.३०

सर्व्हिस सुरू झाली आहे. आपणां दोघांचे मनापासून आभार.

कर्नलच्या लॉगमध्ये डिनाइडच्या ओळींची रांगच होती. ‘.डीपीकेजी-ओल्ड’ फाइलीत ‘/डेटा/मायएसक्यूएल’च्या दोन ओळी सापडल्या, त्या लोकल फाइलीत ठेवल्या. व्हॅलिडेट-कॉन्फिगने आधी क्वेरी कॅशेच्या दोन ओळी एकापाठोपाठ एक दाखवल्या आणि त्या काढल्यावर ‘एसक्यूएल_मोड’ची ओळ पुढे आली, त्यात नो-ऑटो-क्रिएट-युजर होतेच. ती ओळ ज्या फाइलीत होती ती मुख्य फाइल नव्हती, ‘कॉन्फ.डी’मध्ये वेगळी ठेवलेली होती. त्यानंतर डीपीकेजी चालवले. लॉगमध्ये डेटा डिरेक्टरीच्या रूपांतराच्या नोंदी आल्या, काही मिनिटांनी सर्व्हर कनेक्शन घेऊ लागला. शनिवारचे शेवटचे बिल दिसते आहे, दुकानदारांची मराठी नावेही व्यवस्थित वाचता येतात, कोठेही प्रश्नचिन्हे झालेली नाहीत.

चलने छापली जात आहेत, पण दोन गोष्टी खटकल्या. दुकानदारांच्या गटांची यादी दाखवणारे पान उघडत नाही, एसक्यूएलच्या वाक्यरचनेत चूक असल्याची एरर येते. त्या टेबलाचे नाव ‘ग्रुप्स’ असे आहे. दुसरे म्हणजे विभागवार येणे बाकीची यादी पूर्वी विभागाच्या क्रमाने येत असे, कळवा, कोपरी, नौपाडा अशी, ती आता विस्कळीत येते. आकडे बरोबर आहेत, फक्त क्रम चुकतो. सर्व्हिसच्या बिघाडाशी याचा संबंध आहे का?


महापे_रात्रपाळी | रविवार, संध्याकाळी ६.१५

बिघाडाशी नाही, आवृत्तीशी आहे. ८.० मध्ये ‘ग्रुप्स’ हा राखीव शब्द झाला आहे. ‘रँक’, ‘सिस्टम’ आणि ‘विंडो’ हेही त्याच यादीत आहेत. टेबलाचे नाव बदलण्याची आवश्यकता नाही. प्रोग्रॅममध्ये जेथे जेथे ते नाव येते तेथे त्याभोवती बॅकटिकची (`) चिन्हे द्यावीत. ‘ग्रेप’ने सर्व पीएचपी फाइलींत शोधल्यास जागा सापडतील.

यादीच्या क्रमाचे कारण वेगळे आहे. ५.७ पर्यंत ‘ग्रुप बाय’ लिहिले की निकाल त्याच स्तंभानुसार आपोआप लावून मिळत असे. ८.० ने ही अंगभूत क्रमवारी काढून टाकली आहे. ज्या अहवालांमध्ये क्रम महत्त्वाचा आहे त्या प्रत्येक ठिकाणी ‘ऑर्डर बाय’ स्पष्टपणे लिहावे लागेल. एरर न येता बदललेली ही गोष्ट असल्यामुळे छापील अहवाल वापरणाऱ्या सहकाऱ्यांना उद्या सकाळीच कल्पना देऊन ठेवावी, म्हणजे वसुलीला जाणारा माणूस जुन्या क्रमाच्या भरवशावर एखादे नाव वगळणार नाही.


ऐरोली_टर्मिनल | रविवार, संध्याकाळी ६.४०

दोन सूचना राहिल्या होत्या. पहिली अशी की जुन्या डेटाबेस युजरांची पासवर्ड पद्धत अपग्रेडमध्ये तशीच राहते, म्हणून आपला प्रोग्रॅम विनातक्रार जोडला गेला. मात्र यापुढे नवा युजर बनवल्यास त्याला ८.० ची नवी पद्धत मिळते आणि जुनी लायब्ररी वापरणारा एखादा प्रोग्रॅम त्या युजरने जोडला जाणार नाही. तेव्हा पुन्हा सर्व्हिसवर संशय घेऊ नये.

दुसरी म्हणजे २०.०४ चा सर्वसाधारण आधार मे २०२५ मध्ये संपलेला असल्यामुळे येथे फार काळ थांबता येणार नाही. २२.०४ आणि २४.०४ या दोन्हींमध्ये मायएसक्यूएल ८.० च आहे, त्यामुळे डेटाच्या रूपांतराचा हा प्रसंग त्या टप्प्यांवर येणार नाही. ॲपआर्मरच्या ओळीही आता लोकल फाइलीत आहेत. मात्र सेटिंगच्या फाइलीबद्दलचा प्रश्न पुन्हा विचारला जाईल; त्या वेळी ‘डी’ दाबल्यास दोन्ही फाइलींतील फरक पडद्यावर दिसतो, तो वाचूनच उत्तर द्यावे. आज घेतलेली ५.७ ची प्रत, महिनाअखेरीचे सगळे अहवाल एकदा छापून तपासले जाईपर्यंत, पुसू नये.